तोंडी सांगितलेल्या जादा कामाचे पैसे मिळतात का?

करारात ‘लेखी मंजुरीशिवाय बदल ग्राह्य नाही’ असं कलम, मालकाने साइटवर उभं राहून खिडकी सरकवायला सांगितलं, कंत्राटदार म्हणून तुम्ही सरकवली आणि आता त्याचे पैसे मागितल्यावर तो त्याच कलमावर बोट ठेवतोय. बरोबर?

मी वकील नाही, बिलिंग इंजिनिअर म्हणून वर्षं काढली आहेत. ते कलम हलक्यात घेऊ नका. इंग्लंडमध्ये २०१८ साली रॉक ॲडव्हर्टायझिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असंच कलम उचलून धरलं आणि तोंडी ठरलेला बदल बाद झाला. पण तिथेच एक फट ठेवली. समोरच्याच्या वागण्यातूनच ‘लेखी नसलं तरी चालेल’ असं दिसलं आणि त्यावर विसंबून तुम्ही काम केलं, तर त्याला कलमाआड लपणं अवघड जातं. नुसता शब्द मात्र पुरत नाही.

म्हणून आधी जुनी रनिंग बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली बिलं) काढा. आमच्या एका कामात जिन्याच्या जादा पायऱ्यांवरून असाच वाद झाला. दुसऱ्या बिलात एक ओळ सापडली, ‘जादा काम: ओटा’. लेखी मंजुरी त्यालाही नव्हती, तरी मालकाने स्वतः पेन्सिलीने मापांपुढे बरोबरच्या खुणा करून पैसे दिले होते. ते पान पुढे ठेवल्यावर कलमाचं नाव निघालं नाही, भांडण फक्त दरावर उरलं.

करार नसतानाही कायद्याने मिळणाऱ्या मोबदल्याचा मुद्दा वेगळा. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७० नुसार, फुकट करायचं नाही अशा हेतूने केलेल्या कामाचा दुसऱ्याने लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बी. के. मंडल प्रकरणात रीतसर करार नसतानाही सरकारला बांधकामाचे पैसे द्यावे लागले. पण हा आधार लेखी करार जिथे गप्प आहे तिथलाच. खिडकीचा दर करारात असेल, तर भांडण करारावरच होणार. आणि खिडकी मुळात तुमच्याच चुकीने नकाशापासून हटली असेल (राग मानू नका, हे मी फार पाहिलंय), तर ते जादा काम नव्हेच.

आता मालकाला निरोप धाडा, पण ‘मंजुरी द्यावी’ असं लिहू नका. मंजुरी नव्हती हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. ‘आपण अमुक तारखेला साइटवर सांगितल्याप्रमाणे खिडकी सरकवली, मापं सोबत जोडली आहेत’ एवढंच लिहा.