वाचकांचे प्रश्न : लबाडी कंपनीची, बिल सगळ्यांच्या नावावर

मागच्या अंकात फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्यावर लिहिलं होतं. गाडी लॅबमध्ये टेस्टला लावलीय हे ओळखून तेवढ्यापुरता विषारी धूर कमी करणारं सॉफ्टवेअर, आणि तेही जगभरातल्या साधारण १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी नुसता राग काढलाय, तो बरोबरच आहे, पण छापायला जागा नाही. बाकीच्यांमधले पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : अब्जावधी डॉलरचे दंड बसतात असं आपण वाचतो. मग कंपन्या सुधारत का नाहीत? (कॉमर्सची विद्यार्थिनी)

कारण दंड ही कंपनीच्या लेखी शिक्षा नसतेच बहुतेक वेळा, तो खर्च असतो. तुम्ही कॉमर्सच्या आहात तर तुम्हाला हे पटकन कळेल. पकडले जाण्याची शक्यता किती, पकडलो तर भरायचे किती, आणि तोपर्यंत कमवायचे किती, एवढंच गणित.

पर्ड्यू फार्माचं बघा. ऑक्सिकॉन्टिन नावाची जबरदस्त पेनकिलर त्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली आणि याचं व्यसन लागायची भीती कमी आहे असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. लोकांना व्यसन लागलं, माणसं मेली. २००७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, ६० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम भरली, तीन बड्या अधिकाऱ्यांनीही कबुली दिली पण तुरुंगात एकही गेला नाही. आणि गोळी विकणं चालूच! २०२० मध्ये त्याच कंपनीने परत गुन्हे कबूल केले. मधल्या काळात, म्हणजे २००८ ते २०१७ मध्ये, मालक कुटुंबाने कंपनीतून १००० कोटी डॉलरच्या वर पैसे बाहेर काढले होते, त्यातला बराचसा टॅक्समध्ये गेला हेही खरं, पण तरी ६० कोटी म्हणजे दर्यात खसखस. पुढे कंपनी दिवाळखोरीत, आणि मालकांनी ठरावीक रक्कम द्यायची आणि त्यांच्यावर पुढे कुणी दावा लावायचा नाही असा तोडगा निघाला. तो शेवटी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने फेटाळला, तोही ५ विरुद्ध ४ असा काठावर.

अजून एक गोष्ट, दंडाचा आकडा पेपरात आला की तो फोडून बघायची सवय लावा. बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांचे दोन अपघात झाले, २०१८ आणि २०१९ मध्ये, मिळून ३४६ माणसं गेली. २०२१ मध्ये २५० कोटी डॉलरची तडजोड अशी बातमी आली. त्यातला फौजदारी दंड फक्त २४ कोटी ३६ लाख. १७७ कोटी विमान कंपन्यांना भरपाई, म्हणजे बोइंगच्याच गिऱ्हाइकांना. गेलेल्या माणसांच्या घरच्यांसाठी ५० कोटी. आता सांगा, हेडलाइन वाचून काय वाटलं होतं आणि निघालं काय.

प्रश्न : लोकांचं नुकसान होतं हे समजतं. पण सरकारवर परिणाम होतो म्हणजे नेमकं काय? लाचखोरी सोडून अजून काही असतं का? (निवृत्त शिक्षक)

सर, लाच हा तर त्यातला सोपा भाग आहे. ब्राझीलच्या ओडेब्रेक्ट या बांधकाम कंपनीत लाच वाटायला चक्क वेगळं डिपार्टमेंट होतं, त्याची वेगळी कॉम्प्युटर सिस्टीम होती. २०१६ मध्ये त्यांनी कबूल केलं की ब्राझील धरून १२ देशांत मिळून ७८ कोटी डॉलरच्या वर लाच दिली. त्या एका कबुलीने पेरूमध्ये एकामागून एक माजी राष्ट्राध्यक्ष चौकशीत अडकले. हे वाईटच, पण इथे निदान कुणी दिले कुणी घेतले हे दाखवता येतं. मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या प्रकाराची, जिथे कुणी पैसे घेतलेले नसतानाही सरकार आंधळं होतं.

जपानमधलं मिनामाता. तिथे चिस्सो नावाची केमिकल कंपनी होती आणि गाव तिच्यावरच चालायचं, नोकऱ्या तिच्या, शहराच्या टॅक्सातला जवळपास अर्धा वाटा तिचा. कारखान्यातला पारा सांडपाण्यातून खाडीत जायचा, तिथून माशांत, तिथून माणसांत. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणं, दिसेनासं होणं, तोल जाणं, आणि आईला फारसं काही झालेलं नसताना पोटातलं बाळ मात्र कायमचं अपंग.

आता नीट बघा. कंपनीच्याच हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी, हाजिमे होसोकावांनी, कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळून प्रयोग केला. ऑक्टोबर १९५९ मध्ये ४०० नंबरच्या मांजरात तीच लक्षणं दिसली. म्हणजे कारण सापडलं होतं, कंपनीच्या आत सापडलं होतं. कंपनीने ते दाबून ठेवलं. त्याच डिसेंबरमध्ये कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचं नवं यंत्र मोठ्या थाटात सुरू केलं आणि अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यातलं म्हणून ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. ते यंत्र पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं, आणि ज्या विभागातून पारा येत होता तिथलं पाणी तेव्हा त्यातून जातही नव्हतं! आणि त्याच महिन्यात रुग्णांशी करार, थोडे पैसे घ्या आणि पुढे कंपनीचा दोष सिद्ध झाला तरी जास्त मागायचं नाही. (तो करार १९७३ मध्ये कोर्टाने रद्द ठरवला, पण १४ वर्षं गेली ना मधली.)

पारा सोडणं थांबलं १९६८ मध्ये, तेही ती उत्पादनाची पद्धतच जुनी झाली म्हणून. त्यानंतर काही महिन्यांत सरकारने जाहीर केलं की आजाराचं कारण हा कारखाना आहे. योगायोग म्हणायचा तर म्हणा. २००४ मध्ये जपानच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेळेत न थांबवल्याबद्दल देशाचं सरकार आणि प्रांताचं सरकार दोघंही जबाबदार आहेत.

तर परिणाम हा असा, सर. सरकारकडे स्वतःचे डोळे राहत नाहीत. जिच्यावर लक्ष ठेवायचं तीच कंपनी माहिती देते, तीच टेस्ट करते, तीच रिपोर्ट लिहिते, आणि सरकार शिक्का मारतं. बोइंगमध्ये तरी वेगळं काय झालं, विमान सुरक्षित आहे हे तपासायच्या कामातला मोठा भाग अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंगच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवलेला होता, का तर सरकारकडे तेवढी माणसं नाहीत आणि तेवढे तज्ज्ञही नाहीत. फोक्सवॅगनचं बिंग कसं फुटलं? एका अमेरिकन विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडी लॅबमधून बाहेर काढून रस्त्यावर चालवत धूर मोजला म्हणून. तोपर्यंत सरकारी लॅबच्या टेस्टमध्ये त्या गाड्या मस्त पास होत होत्या.

आणि एकदा का लोकांना कळलं की सरकारने डोळे झाकून शिक्का मारला होता, की पुढच्या वेळी सरकार खरं बोललं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. ते नुकसान कुठल्याच बॅलन्सशीटमध्ये दिसत नाही.

प्रश्न : सगळ्याच कंपन्या चोर असतात असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. आणि असं म्हणणं चोरांच्याच फायद्याचं आहे, सगळेच चोर म्हटलं की कुणालाच जाब विचारायचा नसतो. एकच कंपनी दोन्ही प्रकारे वागते हेही लक्षात ठेवा. जॉन्सन अँड जॉन्सनने १९८२ मध्ये टायलेनॉल या आपल्या पेनकिलरच्या बाटल्यांत कुणीतरी बाहेरून विष मिसळल्यावर ३ कोटी १० लाखांच्या आसपास बाटल्या बाजारातून परत मागवल्या, मॅनेजमेंटच्या वर्गात आजही ते उदाहरण शिकवतात. त्याच कंपनीने पुढे व्यसन लावणाऱ्या पेनकिलरच्या प्रकरणात अमेरिकेतली राज्यं आणि गावांशी ५०० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली, अर्थात चूक मान्य न करता. तेव्हा कंपनीचं कॅरेक्टर सर्टिफिकेट बनवत बसू नका, प्रत्येक प्रकरण वेगळं बघा.

प्रश्न : बहिष्काराने काही होतं का हो? की आपलं मनाचं समाधान? (गृहिणी, तीन पानी पत्राचा सारांश)

ताई, तुमचं पत्र छान होतं, कापावं लागलं त्याबद्दल वाईट वाटलं. नुसत्या बहिष्काराचं सांगायचं तर फोक्सवॅगन ग्रुप घोटाळा उघड झाल्याच्या पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, टोयोटाला मागे टाकून गाड्या विकण्यात जगात पहिला आला. लोक विसरतात, किंवा विसरत नाहीत पण गाडी आवडते.

पण बहिष्काराला जेव्हा नियमाच्या मागणीची जोड मिळते तेव्हा गंमत होते. नेस्लेच्या बाळांच्या दुधाच्या पावडरीची गरीब देशांतली मार्केटिंग, तिच्याविरुद्ध १९७७ मध्ये अमेरिकेतून बहिष्कार सुरू झाला. तो नुसता 'विकत घेऊ नका' एवढ्यावर थांबला नाही, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीसाठी आचारसंहिता मंजूर केली. ११८ देश बाजूने, विरोधात एकटी अमेरिका. संहिता सगळीकडे पाळली जाते असं अजिबात नाही, पण बोट ठेवायला कागद तर आला. तेव्हा बहिष्कार टाका, पण सोबत मागायचं काय ते ठरवा.

प्रश्न : मी सेल्समध्ये आहे. टार्गेट असं देतात की खरं बोलून पूर्ण होणं शक्यच नाही. वरचे म्हणतात कसंही कर. गिऱ्हाइकाला न सांगता काही गोष्टी जोडल्या जातात, सगळेच करतात. मी काय करू? नाव छापू नका.

नाव छापत नाही, शहर नाही, कामाचं क्षेत्रही काढून टाकलंय.

हे तुमच्या एकट्याच्या ऑफिसात नाही. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेत प्रत्येक गिऱ्हाइकाला बँकेची आठ प्रॉडक्ट विकायची असा धोशा होता, 'एट इज ग्रेट' म्हणे, का तर यमक जुळतं. माणसाला आठ गोष्टी लागतच नाहीत, मग कर्मचाऱ्यांनी लोकांच्या नावे त्यांना न विचारता खाती उघडली, लाखोंनी. २०१६ मध्ये बाहेर आलं तेव्हा बँकेने सांगितलं की आम्ही साधारण ५,३०० जणांना काढून टाकलंय. बहुतेक काउंटरवरचे आणि छोटे मॅनेजर. चोर सोडून संन्याशाला फाशी. माजी सीईओंना पावणेदोन कोटी डॉलरचा दंड आणि बँकिंगमध्ये कायमची बंदी हे व्हायला २०२० उजाडलं.

म्हणून पहिलं सांगणं हे की उद्या बिंग फुटलं तर 'कसंही कर' म्हणणारा माणूस म्हणेल मी असं कधी म्हणालोच नव्हतो, आणि फॉर्मवर सही तुमची असेल. तोंडी सांगितलं की त्याच दिवशी साधा मेल टाका, 'आज मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे अमुक करायचं असं समजलो, बरोबर ना?' भांडणाचा सूर नको. बऱ्याचदा उत्तर येतच नाही, किंवा सूचनाच मागे घेतली जाते, लेखी आलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. कधी काय सांगितलं याची तारखेसकट नोंद स्वतःकडे ठेवा. पण गिऱ्हाइकांचा डेटा घरी नेऊ नका किंवा स्वतःच्या मेलवर पाठवू नका, उलट तुमच्यावरच केस होईल.

आतल्या तक्रार हॉटलाइनवर आंधळा विश्वास नको, वेल्स फार्गोत तिथे फोन केल्यावर नोकरी गेली असं काही जणांनी नंतर सांगितलं. जपानच्या ऑलिंपस कंपनीत तर मायकेल वुडफर्ड स्वतः सीईओ होते, लपवलेल्या तोट्याबद्दल प्रश्न विचारत राहिले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये, त्या पदावर दोन आठवडे होताहेत तोवर, बोर्डाने त्यांनाच काढलं. पुढे ते खरे ठरले ही गोष्ट वेगळी. तेव्हा बाहेर तक्रार करायची तर आधी नोकरीच्या कायद्यातला वकील गाठा, कागद दाखवा, संरक्षण कुठे मिळतं कुठे नाही ते समजून घ्या. घरी कर्ज असेल, मुलं शिकत असतील तर आधी दुसरी नोकरी बघणं यात भित्रेपणा काही नाही. तोवर एवढंच करा, गिऱ्हाइकाने हो म्हटलेलं नसेल त्या फॉर्मवर तुमची सही नको.