फडावरची मुले आणि शाळेचा दाखला

प्रश्न : आमच्या शेतात दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील ऊसतोड टोळी उतरली आहे. त्यांच्यातील तीन मुलांना मी गावच्या शाळेत नेले, तेव्हा आधीच्या शाळेचा दाखला व जन्माचा पुरावा मागण्यात आला आणि प्रवेशाची मुदत संपल्याचेही सांगण्यात आले. त्यांतली नऊ वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आली होती. ती तिथूनच परत फिरली. काय करावे?
– एक वाचक भगिनी, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : ताई, आपण मुलांना घेऊन शाळेपर्यंत गेलात, हेच मोठे काम आहे. शाळेने सांगितलेली तिन्ही कारणे कायद्यात बसत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून, वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा मुदत उलटली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे (कलम ५, ९, १४ व १५). दाखला मागवण्याचा पत्रव्यवहार शाळेने मागाहून करावा; मूल त्याच दिवशी वर्गात बसले पाहिजे. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाचे शिक्षण दुसऱ्या गावी चालू राहावे म्हणून दिले जाणारे) दिले असल्यास ते दाखवावे, नसल्यास मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि तरीही नकार मिळाला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे.

मात्र फाटकातून परतलेल्या त्या मुलीचा प्रश्न अर्जाने सुटणारा नाही. नवराबायकोच्या जोडीला मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, ‘एक कोयता’ धरून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. त्या हिशेबात मूल कुठेच नसते. पहाटे आईबाप उसाच्या फडात गेले, की कोपीपाशी (राहत्या झोपडीपाशी) धाकट्याला सांभाळायला तिच्याशिवाय कोणी उरत नाही, आणि आईने त्याला बरोबर नेले तर मोळ्या बांधून गाडीत भरेपर्यंत त्याला वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) ढिगाशेजारी निजवावे लागते. अशा आईला शिक्षणाची आस्था नाही असे गावात सहज बोलले जाते, ते मला फार अन्यायाचे वाटते. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसतात, म्हणजे दीड वर्षाच्या बाळाची सोय तिथेही नाही. टोळीत एखादी वयस्कर बाई असेल, तर शाळेच्या वेळेपुरती लहान मुले तिच्याकडे ठेवता येतील का, हे आधी त्यांच्याशीच बोलून पाहावे; तसे कोणी नसल्यास गावातील बचतगटाला विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा हा विषय त्या बैठकीतही मांडता येईल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, ते राहण्याजेवण्याची सोय झाल्याखेरीज खेड्यातले गरीब मूल शाळेत टिकत नाही हे ओळखूनच. फडावरच्या मुलीसाठी ती सोय म्हणजे भावाला सांभाळणारे कोणीतरी.

आणखी एक. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की टोळी एका रात्रीत निघून जाते. त्याआधीच मुलांच्या इथल्या हजेरीची व अभ्यासाची लेखी नोंद पालकांच्या हाती द्यायला मुख्याध्यापकांना आठवणीने सांगा, म्हणजे गावाकडच्या शाळेत हे महिने गैरहजेरीत धरले जाणार नाहीत.