पेशी ‘कोशात भरायच्या’ की ‘संपुटित’ करायच्या?

प्राण्यांच्या जिवंत पेशी पॉलिमरच्या पातळ पटलात बंद करून वाढवतात. एका भाषांतरात या क्रियेला ‘पेशी कोशात भरणे’ असे म्हटले आहे, ते भाषांतरकाराला खटकते आहे, आणि याहून नेमका शब्द कोणता, असा प्रश्न आला आहे.

खटकणे रास्त आहे. पण मला ‘कोश’पेक्षा ‘भरणे’ जास्त चुकीचे वाटते. ‘भरणे’ म्हटले की आधी रिकामी पिशवी आणि मग आत घातलेली वस्तू असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या द्रावणात पेशी मिसळतात. ते द्रावण बारीक सुईतून थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले की प्रत्येक थेंब पडताक्षणी थिजतो आणि त्याचा मऊ मणी होतो. हे मणी पॉलिलायसिन या दुसऱ्या पॉलिमरच्या द्रावणात घोळवतात. अल्जिनेटवर ऋणभार, पॉलिलायसिनवर धनभार. दोघे एकमेकांना घट्ट धरतात आणि मण्यावर पटल तयार होते. मग सायट्रेटने कॅल्शियम काढून घेतले की आतला गर पुन्हा पातळ होतो आणि पेशींना वाढायला जागा मिळते.

म्हणजे जखमेवर खपली धरते तसे इथे पेशींच्या थेंबावर पटल धरते. ‘पटल धरणे’ हा प्रयोग मला फार आवडतो. तो सरळ आहे आणि खराही. ‘पेशींवर आवरण चढवणे’ मात्र टाळावे, कारण त्यातून एकेका पेशीला वेगळे आवरण असल्याचा भास होतो. इथे एका पटलात कितीतरी पेशी एकत्र असतात.

आता नाम. ‘कवच’ टणक वाटते, ‘पुटी’ वैद्यकात सिस्टसाठी रुळली आहे. ‘कोशा’ची अडचण अशी की रेशीमकोश आतला किडा स्वतः विणतो, शिवाय हिंदी वाचणाऱ्याला ‘कोशिका’ म्हणजे पेशीच आठवते. माझी पसंती ‘संपुट’ला. हात जोडले की करसंपुट, दोन परळ तोंडाला तोंड लावून लिंपले की शरावसंपुट. चहूबाजूंनी मिटून आत काही जपणे हा भाव त्यात आहे. देव ठेवायच्या डबीचा ‘संपुष्ट’ही याच घरातला.

एक उणीव मात्र राहते. शरावसंपुटातून काही आतबाहेर होऊ नये म्हणूनच ते लिंपतात, आणि इथे तर सगळी मदार आतबाहेर होण्यावर आहे. 1980 साली लिम आणि सन या संशोधकांनी इन्सुलिन स्रवणारे पेशीपुंज असे संपुटित करून मधुमेही उंदरांत ठेवले, तेव्हा ग्लुकोज आत जावे, इन्सुलिन बाहेर यावे आणि मोठ्या आकाराची प्रतिपिंडे बाहेरच अडावीत हाच हेतू होता. ऑक्सिजनही पटलातूनच झिरपतो; संपुट फार मोठे झाले तर मधल्या पेशी गुदमरून मरतात. म्हणून ‘अर्धपार्य’, म्हणजे काही पदार्थ आरपार जाऊ देणारे आणि काही अडवणारे, हे विशेषण निदान पहिल्या उल्लेखात हवेच. आणि नुसते ‘पटल’ लिहू नये, पेशीला स्वतःचे पेशीपटल असतेच. ‘पॉलिमरचे पटल’ असे स्पष्ट म्हणावे.

त्या भाषांतरातले वाक्य मी असे लिहीन: ‘जिवंत पेशी पॉलिमरच्या अर्धपार्य पटलात संपुटित करून वाढवल्या.’ पुढे शीर्षकासाठी ‘पेशीसंपुटन’ पुरे.