चुकलेल्या ग्रीकांना वाचायचं कसं

अगं, तुझा मेसेज मिळाला, शांतपणे वाचला. फिजिक्स करणाऱ्या मुलीने ‘सगळं पाण्यापासून झालंय’ म्हणणाऱ्या थेलीस नावाच्या जुन्या ग्रीक माणसावर वेळ का घालवायचा आणि पुस्तकवाले त्याला पहिला शास्त्रज्ञ कशाच्या जोरावर म्हणतात, असं विचारलंयस. प्रश्न रास्त आहे आणि तुझी चिडचिडही समजते मला, कारण नोट्समध्ये हे सगळं येतंच असं, थेलीस म्हणजे पाणी, अ‍ॅनॅक्सिमिनीस म्हणजे हवा, हेराक्लायटस म्हणजे अग्नी, जोड्या जुळवा आणि दोन मार्क घ्या, मग त्यात विचार करायला उरतं काय. तर आधी त्या जोड्या डोक्यातून काढून टाक. यांची उत्तरं बहुतेक सगळी चुकलेली आहेत हे धरूनच चाल, आणि वाचताना फक्त एवढं शोध की उत्तराला कारण काय दिलं होतं, आणि पुढच्या माणसाने त्या कारणाचं काय केलं.

थेलीसचं गाव मिलेटस कुठे आहे ते नकाशावर बघितलंस का? बघ एकदा. आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा. इ.स.पू. ६०० च्या आसपास हे मोठं बंदर होतं, काळ्या समुद्राच्या काठाने यांच्या वसाहती, इजिप्तशी व्यापार, लिडियाचं राज्य शेजारी, म्हणजे दहा प्रकारचे लोक आणि दहा प्रकारच्या देवांच्या गोष्टी रोज कानावर. आज तिथले अवशेष समुद्रापासून काही किलोमीटर आत आहेत, कारण मिअँडर नदीने गाळ आणून आणून अख्खी खाडी बुजवून टाकली. हे गाळाचं काम जुन्या काळीही लोकांच्या लक्षात आलेलं होतं, हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने मिअँडरच्या खोऱ्याचं नाव घेऊन ते लिहून ठेवलंय. थेलीसने पाणीच का निवडलं यावर दोनेकशे वर्षांनंतरच्या तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलचा अंदाज असा की प्रत्येक जिवाचं अन्न ओलसर असतं, बीजात ओल असते, त्यावरून सुचलं असेल. माझं मन मात्र त्या गाळाकडे जातं, पाण्यातून जमीन वर येताना ज्याच्या गावाने बघितलीय त्याला असं वाटणं मला तरी साहजिक वाटतं. अर्थात हा माझा अंदाज, उत्तरपत्रिकेत लिहू नकोस.

आता भूकंप घे. होमरच्या काव्यात जमीन हलवणारा पोसायडन देव आहे, तो रागावला की धरणी हादरते. थेलीस म्हणाला पृथ्वी पाण्यावर तरंगतेय, पाणी हललं की ती जहाजासारखी डुलते. चूक आहे, साफ चूक. पण पोसायडन रागावलाय म्हटल्यावर पुढे कुणी काय विचारणार, फार तर कशाने रागावला आणि शांत कसा करायचा एवढंच. पाण्यावर तरंगते म्हटलं की लगेच प्रश्न येतो, बरं, मग ते पाणी कशावर आहे? हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलने पुढे खरोखर विचारला, पण त्याच्याही कितीतरी आधी मिलेटसच्याच अ‍ॅनॅक्सिमँडरने, ज्याला परंपरा थेलीसचा शिष्य म्हणते, वेगळंच उत्तर दिलं की पृथ्वी कशावरच नाही. अधांतरी आहे. सगळ्या बाजूंपासून सारख्या अंतरावर आहे, मग तिने एकाच बाजूला का जावं, जायला काही कारण नाही म्हणून जागेवर राहते. जरा थांब आणि विचार कर या वाक्याचा. हातातली प्रत्येक वस्तू सोडली की खाली पडते हे रोज बघणारा माणूस म्हणतोय की अख्ख्या पृथ्वीला आधार लागत नाही, आणि त्यासाठी त्याने कुठला कासव, हत्ती, राक्षस आणला नाही, फक्त एक तर्क दिला. आणि त्याची पृथ्वी गोल पण नव्हती बरं का, जाडीच्या तिप्पट रुंदी असलेलं ढोलकं होतं ते, आपण वरच्या सपाट तोंडावर राहतो. तरीसुद्धा मला हे वाक्य त्या काळातलं सगळ्यात धाडसी वाक्य वाटतं.

आणि गंमत बघ, त्याच्या पुढचा अ‍ॅनॅक्सिमिनीस परत मागे गेला, म्हणाला पृथ्वी सपाट आहे आणि हवेवर टेकलीय. म्हणजे नंतर आलेला प्रत्येक जण पुढेच गेला असं काही नाही, हे तू लक्षात ठेव, कारण पुस्तकात सगळं जिन्याच्या पायऱ्यांसारखं मांडलेलं असतं. अ‍ॅरिस्टॉटलने अ‍ॅनॅक्सिमँडरच्या तर्कावर आक्षेप घेतला तोही झकास आहे: मग भूक आणि तहान सारखीच लागलेला माणूस, अन्न आणि पाणी दोन्हींपासून सारख्या अंतरावर असला तर जागेवरच बसून राहील का? दोघांमध्ये दोनशे वर्षांचं अंतर, पण भांडण चालूय, आणि भांडण चालू शकलं कारण पहिल्याने ‘का’ ते सांगून ठेवलं होतं. गुरू म्हणाला म्हणून, असं कारण असतं तर पुढे बोलणंच खुंटलं असतं.

अ‍ॅनॅक्सिमिनीसला मात्र मी एवढ्यावर सोडणार नाही, कारण त्याच्याकडे एक अशी गोष्ट आहे जी तू आत्ता बसल्या जागी करू शकतेस. तळहात तोंडापासून वीतभर लांब धर. ओठ आवळून फुंकर मार, गार लागेल. आता तोंड मोठं उघडून हाऽऽ कर, गरम लागेल. चहा गार करायला आपण फुंकतो आणि थंडीत हात शेकायला हाऽऽ करतो, तोंड तेच, हवा तीच. अ‍ॅनॅक्सिमिनीस म्हणाला बघा, दाबलेली हवा गार होते आणि सैल सोडलेली गरम होते, म्हणजे एकच पदार्थ दाट-विरळ होऊन वेगवेगळे गुण दाखवतो. त्याची अख्खी थिअरी हीच होती, हवा विरळ झाली की अग्नी, दाटत गेली की वारा, मग ढग, मग पाणी, माती, दगड. पुढे रोमन काळातल्या प्लूटार्क या ग्रीक लेखकाने हा फुंकरीचा दाखला जपून ठेवलाय म्हणून आपल्याला कळतो.

आता तू फिजिक्सवाली, तुला माहितीय की उलट आहे, हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाला हात लावून बघ. मग फुंकर गार का लागते? बारीक, वेगवान झोत आजूबाजूची खोलीतली गार हवा सोबत ओढून आणतो, तळहातावर पोचते ती बरीचशी खोलीतलीच हवा. खात्री करायची तर तळहात ओठांच्या अगदी जवळ आण आणि तशीच आवळून फुंक, आता तेवढी गार लागणार नाही, उबदार लागेल. बस, हात एक वीत पुढे-मागे करण्याएवढंच काम होतं आणि एवढ्याने त्याची थिअरी अडचणीत आली असती. त्याने केलं का, माहीत नाही, पण प्लूटार्कच सांगतो की अ‍ॅरिस्टॉटलने याला उत्तर दिलं होतं, की तोंड उघडलं की आपल्या आतली गरम हवा बाहेर येते, आणि ओठ आवळून फुंकलं की तोंडासमोरची गार हवा ढकलली जाऊन अंगावर येते. म्हणजे जवळजवळ आपलंच उत्तर. म्हणूनच म्हणते, अ‍ॅनॅक्सिमिनीस चुकला हे खरं पण तो अशा ठिकाणी चुकला जिथे दुसऱ्याला त्याची चूक पकडता येत होती, आणि हे फार मोठं काम आहे.

झेनोफेनीस मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. मिलेटसच्याच किनाऱ्यावरच्या कोलोफोन गावचा, पंचविसाव्या वर्षी गाव सुटलं आणि पुढे ६७ वर्षं ग्रीक मुलखात भटकतोय असं स्वतःच्याच कवितेत लिहितो, म्हणजे नव्वदी पार केलेला माणूस. तो सांगायचा की समुद्रापासून लांब डोंगरांवर शिंपले सापडतात, सिसिलीतल्या सिरॅक्यूजच्या दगडाच्या खाणीत माशांचे आणि समुद्री शेवाळाचे ठसे सापडलेत, पारोस बेटावर दगडाच्या आत खोल ठसा आहे, माल्टालाही आहेत, त्याअर्थी हे सगळं एके काळी चिखल होतं आणि जमीन-समुद्र एकमेकांत मिसळलेले होते. एका ठिकाणचा चमत्कार नाही सांगत तो, तीन-चार वेगवेगळ्या गावांची निरीक्षणं गोळा करून एक कारण शोधतोय. आणि तोच म्हणतो की देवांनी माणसाला सगळं सुरुवातीपासून दाखवलेलं नाही, शोधत राहिलं की काळाने जास्त चांगलं सापडतं. ही ओळ मी माझ्या टेबलासमोर लावून ठेवलीय.

अ‍ॅनॅक्सागोरसबद्दल तू वाचलंच असशील, चंद्र सूर्याच्या उजेडाने चमकतो हे सांगणारा, ग्रहणाचं कारण बरोबर सांगणारा, आणि सूर्य म्हणजे पेलोपोनीजपेक्षा (ग्रीसचा दक्षिणेकडचा द्वीपकल्प) मोठा तापलेला गोळा आहे म्हणाला म्हणून अथेन्समध्ये ज्याच्यावर अधर्माचा आरोप झाला. शेवटी अथेन्स सोडून लॅम्प्सॅकस या दुसऱ्या ग्रीक शहरात जाऊन राहिला, तिथेच गेला. कारणं उघडपणे मागण्याची किंमत तेव्हाही होती.

पण मला तुला खरं वाचायला लावायचंय ते वेगळंच, आणि ते तुझ्या सिलॅबसमध्ये नसणार. हिपॉक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर जे वैद्यकीय लिखाण आहे त्यात इ.स.पू. ४०० च्या आसपासचा एक छोटा निबंध आहे, फिट येण्याच्या आजारावर. लेखक नक्की कोण ते ठरलेलं नाही. तेव्हा या आजाराला ‘पवित्र आजार’ म्हणत. लेखक पहिल्याच फटक्यात म्हणतो की हा आजार बाकीच्या आजारांपेक्षा तसूभरही जास्त दैवी नाही, ज्यांना उपाय माहीत नव्हता त्यांनी देवाच्या मागे लपण्यासाठी त्याला दैवी ठरवलं, रोगी बरा झाला तर श्रेय यांचं आणि मेला तर देवाची मर्जी. मांत्रिकांची तर यादीच तयार असायची, रोगी बकरीसारखा ओरडला तर अमुक देवी, घोड्यासारखा ओरडला तर पोसायडन, तोंडाला फेस आला आणि लाथा झाडल्या तर युद्धाचा देव एरीस. पथ्यं पण ठरलेली, आंघोळ करू नका, बकरीचं मटण खाऊ नका, बकरीच्या कातड्यावर झोपू नका. यावर लेखक काय म्हणतो बघ, असं असेल तर आतल्या भागातले लिबियन लोक बकरीच्याच कातड्यावर झोपतात आणि बकरीचंच खातात, मग त्यांच्यात एकही धडधाकट माणूस असायला नको. आणि पुढे म्हणतो की हा आजार बकऱ्यांनाही होतो, अशा बकरीचं डोकं कापून बघा, मेंदू ओला, पाण्याने भरलेला, घाण वास येणारा दिसेल, मग कळेल की शरीर बिघडवणारा देव नाही, रोग आहे.

त्याचं स्वतःचं स्पष्टीकरण, कफ शिरांमध्ये अडकतो वगैरे, ते चुकलेलंच आहे. पण आजार मेंदूचा आहे हे त्याने ठामपणे सांगितलं. आणि हे वाचताना मला राहून राहून वाटतं की आपल्याकडे आजही कुणाला रस्त्यात फिट आली की चार माणसं धावत येऊन नाकाला कांदा लावतात, चप्पल हुंगवतात, आणि घरचे डॉक्टरच्या आधी देवऋषी गाठतात. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या निनावी माणसाचा राग मला म्हणूनच आपला वाटतो, तो राग आजारी माणसाच्या बाजूने आहे.

आता दोन-तीन ठिकाणी सावध राहा. थेलीसने इ.स.पू. ५८५ चं सूर्यग्रहण आधीच सांगितलं ही गोष्ट हेरोडोटस सांगतो, लिडियन आणि इराणकडच्या मीड लोकांची लढाई त्या ग्रहणाने थांबली असं, तारीख २८ मे लावतात. पण एखाद्या ठराविक ठिकाणी सूर्यग्रहण दिसेल हे सांगण्याची रीत त्याच्याकडे असेल यावर बऱ्याच अभ्यासकांचा विश्वास नाही, तेव्हा ‘गोष्ट सांगतात’ एवढंच लिही. शिवाय ग्रहणांच्या शतकानुशतकांच्या नोंदी बॅबिलोनच्या लोकांनी ठेवल्या होत्या, जमीन मोजण्याचं ज्ञान इजिप्तकडे होतं, मिलेटसमध्ये एका सकाळी विज्ञान जन्मलं असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. आणि ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ या वादातही पडू नकोस. त्यापेक्षा छांदोग्य उपनिषदातला उद्दालक वाच, तो आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला लावतो आणि वरून, मधून, खालून चाखायला लावतो, पंधरा दिवस उपास घडवून मग वेद म्हणायला सांगतो आणि पोराला काही आठवत नाही. सुंदर आहे ते. त्यालाही तोच प्रश्न विचार, कारण काय दिलं आणि नंतर कुणी त्याच्याशी वाद घातला का.

डेमॉक्रिटस या ग्रीक तत्त्वज्ञाने अणू शोधला असंही म्हणू नकोस. त्याचे अणू वादातून आले, शून्यातून काही निर्माण होत नाही हे त्याच्या आधीच्या पार्मेनायडीस या तत्त्वज्ञाचं म्हणणं मान्य करूनही हालचाल आणि बदल कसे शक्य आहेत हे दाखवायचं होतं म्हणून अणू आणि पोकळी. वजनं करून अणूपर्यंत जाणारा डाल्टन १८०८ चा, आणि पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूक्ष्म कणांची थरथर मोजून शंका घेणाऱ्यांना गप्प केलं ते १९०८ च्या सुमाराला. मोजणं ही गोष्ट त्या जुन्या लोकांकडे फार कमी होती आणि तुझ्याकडे भरपूर आहे, हा फरक लहान नाही.

अजून एक, थेलीसपासून डेमॉक्रिटसपर्यंतच्या या तत्त्वज्ञांपैकी कुणाचंही पुस्तक आपल्यापर्यंत अख्खं पोचलेलं नाही. अ‍ॅनॅक्सिमँडरचे जे मोजके शब्द उरलेत ते सिम्प्लिसियस नावाच्या टीकाकाराने इ.स. सहाव्या शतकात, म्हणजे हजार वर्षांनी उतरवलेले. हे सगळे तुकडे हर्मान डील्स या जर्मन विद्वानाने १९०३ मध्ये एकत्र छापले, आजही अभ्यासक त्याचेच नंबर वापरतात. आणि ती पाणी-हवा-अग्नीची यादी कुणाची माहितीय? अ‍ॅरिस्टॉटलची, त्याला स्वतःच्या कारणांच्या सिद्धांतापर्यंत यायचं होतं म्हणून त्याने आधीच्यांना तसं रांगेत उभं केलं. तुझ्या नोट्स तिथून आल्यात.

तेव्हा सुरुवात त्या फिटच्या आजारावरच्या निबंधाने कर, एका बैठकीत होतो, इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे. मग झेनोफेनीसचे तुकडे. पार्मेनायडीसला लगेच हात लावू नकोस, तो अवघड आहे, सुट्टीत आपण मिळून वाचू. आणि तो भुकेल्या-तहानलेल्या माणसाचा आक्षेप तुला पटतो का ते सेमिस्टर संपायच्या आत मला लिही, मला तो पटत नाही, पण माझी कारणं मी तुझी वाचल्यावरच सांगेन.

जेवणाची आबाळ करू नकोस. आईला नमस्कार सांग.