मुलगी म्हणते बंबावरच जायचंय : एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. कराडजवळच्या गावातून लिहिलंय, मुलगी बारावी सायन्सला आहे, शाळेपासून ८०० मीटर पळते, जिल्ह्यापर्यंत गेलीये. गेल्या एप्रिलमध्ये कॉलेजात फायर ब्रिगेडवाल्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय, मुंबई फायर ब्रिगेडमध्ये जायचं. वडील म्हणतात नर्सिंग कर, नाहीतर पोलीस भरतीचं बघ. मधेच एका क्लासवाल्याने वर्षाच्या फायर सेफ्टी डिप्लोमाचे ९० हजार सांगितलेत, "सरकारी नोकरी शंभर टक्के" म्हणतोय आणि पहिला हप्ता सोमवारपर्यंत भरायचाय. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय की जिवाचं जोखमीचं काम पोरीने करावं का.

आधी सोमवारचं बोलू. ताई, तो हप्ता भरू नका. निदान आत्ता तरी नका. माझ्याकडे एक मुलगा यायचा, वडिलांनी म्हैस विकून असाच डिप्लोमा करून दिला होता, क्लासचं नाव सांगत नाही, पण भरतीच्या वेळी कागद दाखवला तर तो चालतच नाही असं कळलं, आणि त्या पोराचं वर्ष गेलं, पैसे गेले आणि घरात तोंड दाखवायची लाज वाटायला लागली ती वेगळीच. ते बघून मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, आधी भरतीची जाहिरात वाचा, मग कोर्स निवडा. आपल्या राज्यात सरकारी अग्निशमन प्रशिक्षण मुंबईत सांताक्रूझला विद्यानगरीत महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीत होतं. फायरमनचा कोर्स ६ महिन्यांचा असतो, आणि उपस्थानक अधिकारी वगैरेंसाठीचा वर्षाचा. पुणे, नागपूर अशा महापालिकांच्या जाहिरातीत बऱ्याचदा हाच ६ महिन्यांचा कोर्स मागतात. मुंबईचं वेगळं आहे, तिथे मागच्या मोठ्या भरतीत, म्हणजे २०२२-२३ ची ९१० जागांची जी झाली त्यात, बारावी पास पोरं घेतली आणि ट्रेनिंग दलाने स्वतः द्यायचं असं होतं. म्हणजे तुमच्या मुलीला जिथे जायचंय तिथे त्या ९० हजारांचा उपयोगच नाही, बघा. क्लासवाल्याला एकच विचारा, तुमचं सर्टिफिकेट कुठल्या भरतीच्या जाहिरातीत लिहिलंय ते छापील दाखवा. दाखवलं तर पुढे बोलू.

आता मुलीला जे दिसलं ते आणि जे काम आहे ते यात फरक आहे, तो तिला सांगायला हवा. प्रात्यक्षिकात पाण्याचा फवारा दिसतो, शिडी दिसते. रोजच्या ड्युटीत आगीच्या वर्दीपेक्षा (वर्दी म्हणजे मदतीसाठी आलेला कॉल) दुसऱ्याच वर्द्या भरपूर असतात. रस्त्यावर ऑइल सांडलं, झाड पडलं, लिफ्टमध्ये माणूस अडकला, मांज्यात कबुतर अडकलं, जुनी इमारत कोसळली, समुद्रात कोणी बुडालं. २६ जुलै २००५ च्या पावसातही हीच माणसं बाहेर होती आणि २६/११ ला ताज हॉटेलच्या खिडक्यांना शिड्या लावून लोकांना खाली आणणारी पण हीच. घंटा वाजली की जेवणाचं ताट तसंच राहतं, कपडे अंगावर चढवायचे आणि गाडीत बसायचं. मुंबईत कित्येक जवान फायर स्टेशनच्या आवारातच क्वार्टरमध्ये बायकामुलांसकट राहतात, त्यामुळे बाप वर्दीला गेला की घरातल्यांना ते खिडकीतूनच दिसतं.

आणि हे निव्वळ ताकदीचं काम नाहीये, फिजिक्स-केमिस्ट्रीचं आहे, म्हणून मला तिचं सायन्स आवडलं. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट फुगते. बंद खोलीत चुकीच्या जागी पाणी मारलं तर तीच वाफ उलटून जवानालाच भाजते. तेलाची आग पाण्याने विझत नाही, उलट पसरते, तिथे फोम लागतो. विजेची आग असेल तर आधी सप्लाय तोडायचा. माणसं बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही तर धुराने मरतात, म्हणून पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून आत जायचं, आणि त्यातली हवा किती मिनिटं पुरेल याचा हिशोब डोक्यात सतत चालू ठेवायचा, कारण आत जायला लागलेली हवा बाहेर यायलाही लागते. घाबरणारी पोरगी चालते ताई, हिशोब विसरणारी चालत नाही.

मुंबईचं दल उभं कसं राहिलं तेही तिला माहीत असावं. १८०३ साली फोर्टात मोठी आग लागली, वस्तीचा बराच भाग जळाला, आणि मग शहर कोटाबाहेर पसरायला लागलं. आग विझवायचं काम आधी पोलिसांकडे होतं, घोड्यांचे बंब असायचे. १८८०-९० च्या सुमारास ते नगरपालिकेकडे आलं आणि १८९० मध्ये लंडन फायर ब्रिगेडमधून निकोल्स नावाचा अधिकारी मुंबईत प्रमुख म्हणून आला, तिथून हे शिकून करायचं काम झालं. १९०७ ला पहिला मोटरचा बंब आला. मुख्यालय भायखळ्याला, आजही तिथेच.

पण एप्रिलमध्येच ते प्रात्यक्षिक का झालं हे तिला विचारा. माहीत नसेल तर तुम्ही सांगा. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलेलं होतं, पोटात जवळपास १४०० टन दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा पण. दुपारी धूर दिसला. बंबवाले पोचले, ९०० टनाच्या वर पाणी जहाजात ओतलं, पण धूर इतका की आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना, पाणी उकळत होतं. चारला दहा कमी असताना जहाज सोडायचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं. थोड्या वेळाने दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यात ६६ फायरमन होते. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या स्फोटाची नोंद झाली. त्यांच्याच आठवणीत १४ एप्रिलपासून आठवडाभर देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. मला हे दरवर्षी वाचून गलबलून येतं, कारण ती माणसं पळाली नाहीत. दारूगोळा आणि कापूस एकत्र भरणाऱ्याची चूक, किंमत नळी धरणाऱ्यांनी मोजली.

हे जुनं झालं म्हणाल तर २०१५. ९ मे, काळबादेवीतली गोकुळ निवास ही जुनी इमारत. लोक बाहेर काढले, इमारतीचा भाग कोसळला, आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. प्रमुख स्वतः आगीपाशी होते, ऑफिसात नव्हते. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी गोड उत्तर देणार नाही. धोका आहे. ट्रेनिंग, चांगले कपडे, हवेचा सेट, सोबतीचा जवान यामुळे तो कमी होतो, संपत नाही. मुलीने हे कळून निवडलं तर तिला अडवू नका, पण फवारा बघून निवडलं असेल तर आधी कुठल्याही जवळच्या फायर स्टेशनला दोनदा जाऊन बसू द्या. वरिष्ठांची परवानगी घ्या, बहुतेक लोक प्रेमाने दाखवतात. रात्रपाळीनंतरचे चेहरे तिला बघू देत.

पोरीने करावं का, हे विचारताना तुमची काळजी मला कळते. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, १९५६ ला रामपूरला सुरू झालं आणि वर्षभरात नागपूरला आलं. तिथे २००२ पर्यंत एकही मुलगी नव्हती. त्या वर्षी नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, त्या कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी, पुढे ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत फायर इंजिनिअर झाल्या. आज मुंबईच्या दलात मुली वर्दीला जातात, आणि जळत्या घरात घाबरून बसलेल्या बाईला बाहेर काढताना बाईचा हात समोर असला की ती पटकन उठते, हे मला एका निवृत्त स्टेशन ऑफिसरनेच सांगितलं होतं.

नागपूरचं मी मुद्दाम काढलं. मुलीला मार्क चांगले असतील तर फक्त फायरमनच्या भरतीवर बसून राहू नका, कारण भरती कधी निघेल याचा काही नेम नसतो, २०१७ नंतर मुंबईची पुढची मोठी भरती निघायला पाच वर्षं गेली. नागपूरला फायर इंजिनिअरिंगची डिग्री आहे, ती केली तर थेट अधिकाऱ्याच्या वाटेला लागता येतं, रिफायनरी, एअरपोर्ट, मोठे कारखाने पण उघडे होतात. एमआयडीसीची स्वतःची फायर स्टेशन्स आहेत, एअरपोर्ट अथॉरिटी फायर सर्व्हिससाठी वेगळी भरती काढते, सीआयएसएफ म्हणजे केंद्राच्या औद्योगिक सुरक्षा दलात फायरचे कॉन्स्टेबल असतात. शिवाय २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्यामुळे इमारतींना आगीची यंत्रणा नीट ठेवावीच लागते, आणि भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये सरकारी दवाखान्यात दहा तान्ही बाळं गेली तेव्हापासून हॉस्पिटलांच्या तपासणीबद्दल सगळेच जागे झालेत. आग लागूच नये म्हणून काम करणाऱ्यांना कमी लेखू नका. दारावर अडकवलेलं कुलूप आणि जिन्यात रचलेली खोकी वेळेत हलवणारा माणूस पण जीवच वाचवत असतो.

पैशाचं विचारलं नाहीत तरी सांगतो, मागच्या भरतीत फायरमनची पे-स्केल २१,७०० ते ६९,१०० होती, भत्ते वेगळे. घर चालतं.

आता तयारी. मागच्या मुंबई भरतीत बारावीला कुठल्याही शाखेत ५० टक्के लागत होते आणि वय २० पूर्ण हवं होतं, म्हणजे तिच्याकडे तसाही वेळ आहे, तो बीएस्सीत किंवा नागपूरच्या प्रवेशाच्या तयारीत घालवा, रिकामा नको. मैदानात ८०० मीटर पळणं, उंचावरून खाली धरलेल्या शीटवर उडी, दोरावर चढणं, ५० किलोचा माणसाचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणं असं सगळं होतं. पळण्याची मला चिंता नाही. पण नुसतं पळणाऱ्या मुली वजनात कमी पडतात, आणि वजन ५० किलो मागितलं होतं. आजपासून पोटभर जेवण, भाकरी-उसळ-अंडी, आणि आठवड्यातून तीन दिवस दोर चढणं, वाळूचं पोतं खांद्यावर टाकून चालणं, आधी १५ किलो, मग वाढवत. एकदम ५० घेऊन कंबर मोडून घ्यायची नाही. पोहायला येत नसेल तर ते या उन्हाळ्यात शिकवा, नदीत कोणी जाणतं बरोबर असल्याशिवाय उतरू देऊ नका.

वडिलांना पोलीस भरतीचं हवंय तर तेही भरू द्या, मैदानाची मेहनत बरीचशी तीच आहे, भांडण कशाला.

एक गोष्ट राहिली. पत्रात तिची उंची तुम्ही "१६२-६३ असेल" असं लिहिलंय. मुलींना मागच्या वेळी १६२ सेंटिमीटर लागत होती, मुलांना १७२, आणि अर्ध्या सेंटिमीटरवरून पोरी बाहेर काढल्या जातात. उद्या सकाळी उठल्या उठल्या तिला अनवाणी भिंतीला टेकवून उभी करा, डोक्यावर पुस्तक सपाट ठेवून पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. मग संध्याकाळी मैदानावरून आल्यावर परत मोजा, कारण दिवसभरात उंची थोडी कमी भरते. दोन्ही आकडे मला कळवा. संध्याकाळचा आकडा १६२ च्या खाली आला तर आपण मुंबईच्या आधी नागपूरचं बोलू.