अंगठ्याच्या मुळाचा संधिवात: शस्त्रक्रियेचा निर्णय संगणकीय मॉडेलवर सोपवता येईल का?

आपल्या आईंच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजला आहे, डॉक्टरांनी स्प्लिंट (अंगठ्याला आधार देणारी पट्टी) दिली आहे आणि आता शस्त्रक्रियेचा विषय निघाला आहे. अशा वेळी सीटी स्कॅनवरून सांध्याचे संगणकीय मॉडेल तयार करून योग्य शस्त्रक्रिया आधीच ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. हाताच्या सांध्यांची अशी मॉडेले तयार करणे हेच माझे काम असूनही माझे उत्तर ‘आज तरी नाही’ असे आहे. मात्र स्प्लिंटचा उपयोग का होतो, हे याच शास्त्रातून चांगले समजते.

मनगटातील ट्रॅपेझियम हे हाड आणि अंगठ्याचे तळहातातील हाड खोगिरासारख्या वक्र पृष्ठभागांनी एकमेकांवर बसतात. त्यामुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर हलतो आणि थोडा वळतोही. पण या मोकळेपणामुळे सांधा जागेवर राखण्याचा बराचसा भार अस्थिबंधांवर (हाडांना हाडांशी बांधणाऱ्या पट्ट्यांवर) आणि स्नायूंवर येतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयातील कूनी आणि चाओ यांनी 1977 मध्ये मांडलेल्या गणितानुसार चिमटीत 1 किलोचा जोर लावला, तर या सांध्यावर सुमारे 12 किलोचा दाब येतो आणि जोराच्या पकडीत तो 120 किलोपर्यंत जाऊ शकतो. चिमटीचा जोर सांध्यापासून दूर, अंगठ्याच्या टोकाशी लागतो, तर तो तोलणारे स्नायुबंध (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) हाडाला अगदी लगटून जातात. त्यामुळे त्यांना कितीतरी पट ताण द्यावा लागतो आणि तो सगळा ताण हाडांना एकमेकांवर दाबतो. म्हणूनच घट्ट झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना चिमटीवरचा जोर थोडा जरी कमी करता आला, तरी सांध्याला त्याच्या कितीतरी पट आराम मिळतो. स्प्लिंटच्या उपयोगामागेही हेच तत्त्व आहे. जाता जाता सांगतो, सगळीकडे उद्धृत होणारा हा 12 चा आकडा कुणी सांध्यात संवेदक बसवून मोजलेला नाही. तोही एका मॉडेलचाच निष्कर्ष आहे.

मॉडेलची खरी अडचण हाडांपाशी नसते, कारण सीटी स्कॅनमधून हाडांचा आकार उत्तम मिळतो. त्यावरची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण) मात्र जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते आणि साध्या सीटीत ती नीट दिसत नाही. शिवाय अंगठा हलवणारे स्नायू आठ-नऊ आणि समतोलाची समीकरणे त्याहून कमी, त्यामुळे एकाच चिमटीची असंख्य उत्तरे गणितात बसतात. त्यांतून एक निवडण्यासाठी ‘शरीर कमीत कमी श्रमाचा मार्ग धरते’ असे गृहीत धरावे लागते. दुखऱ्या अंगठ्याचा माणूस मात्र कमी श्रमाचा नव्हे, कमी वेदनेचा मार्ग धरतो. स्नायूंच्या सापेक्ष ताकदीचे आकडेही बहुधा जुन्या मोजमापांतून घेतलेले असतात; वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी नंतर अमेरिकेत असताना 1981 मध्ये प्रसिद्ध केलेली मोजमापे त्यांपैकीच आहेत. अस्थिबंधांबाबत तर मूळ समजूतच बदलली आहे. तळहाताच्या बाजूचा अस्थिबंध हाच मुख्य आधार, असे अनेक वर्षे मानले जात होते आणि ईटन व लिटलर या शल्यविशारदांनी 1973 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया त्यावरच आधारलेली होती. पुढे स्टॅनफर्डच्या एमी लॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या हातांचा अभ्यास करून हाताच्या पाठीकडचे अस्थिबंध अधिक जाड असल्याचे दाखवले. हाडे तीच ठेवून या दोन समजुतींवर दोन मॉडेले उभारली, तर ताण कुठे येतो याची उत्तरे वेगळी निघतील.

मॉडेल कूर्चेवरचा ताण सांगते, वेदना सांगत नाही. एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचाही मेळ अनेकदा बसत नाही. ट्रॅपेझियम नुसते काढून टाकणे, ते काढून स्नायुबंधाने आधार देणे किंवा सांधा जखडून टाकणे, असे पर्याय उपलब्ध आहेत. पण रुग्णांवरील तुलनात्मक चाचण्यांचा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने घेतलेल्या आढाव्यात त्यांपैकी कोणताही एक निर्विवाद सरस ठरलेला नाही. जिथे चाचण्यांचा कौल स्पष्ट नाही, तिथे एका रुग्णासाठी मॉडेलने दिलेल्या ठाम उत्तराकडे मी संशयानेच पाहतो. कृत्रिम सांध्याची रचना करताना मात्र मॉडेल फार उपयोगी पडते, कारण कृत्रिम सांध्यातील वाटीसारख्या भागाचा कल किंवा फिरण्याचा मध्यबिंदू किंचित बदलल्यास सांधा निखळण्याचा धोका कसा बदलतो, हे रुग्णाला हात न लावता तपासून पाहता येते.

आईंच्या बाबतीत स्प्लिंट आणि व्यायामाला पुरेसा अवधी मिळाला आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रिया ठरलीच, तर ते स्वतः कोणती पद्धत नेहमी करतात आणि चिमटीची ताकद परत यायला त्यांच्या रुग्णांना साधारण किती महिने लागतात, हेही विचारावे.