मेंदूतली ‘अफू’, फिट आणि घरात उरलेली ट्रामाडॉल

रावेरच्या ताईंचा प्रश्न असा आहे की, मेंदू स्वतःच अफूच्या जातीचे द्रव्य तयार करून फिट आवरतो असे वाचनात आले. तर आईच्या गुडघेदुखीसाठी आणलेल्या ट्रामाडॉल या अफूच्याच जातीच्या वेदनाशामकाच्या उरलेल्या कॅप्सूल फिट येणाऱ्या भावाला दिल्या तर चालतील का? ताई, मुळीच देऊ नका. ट्रामाडॉलने फिट येण्याची शक्यता उलट वाढते. तसा इशारा त्याच्या माहितीपत्रकातही असतो.

तुम्ही वाचलेत ते मात्र खोटे नाही. १९७५ साली ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतले एनकेफॅलिन शोधले आणि पुढे डायनॉर्फिन सापडले. ही द्रव्ये म्यू, डेल्टा आणि कप्पा अशा वेगवेगळ्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या ती द्रव्ये जिथे चिकटतात त्या जागांवर, काम करतात, आणि सगळी गफलत इथेच होते. स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात म्यू ग्राहक मुख्यतः इतरांना आवर घालणाऱ्या पेशींवर असतात; त्याच गप्प झाल्या की बाकीच्या मोकाट सुटतात. ट्रामाडॉलसारख्या मॉर्फिनच्या कुळातल्या वेदनाशामकांचा रोख प्रामुख्याने म्यूवरच असतो. डायनॉर्फिन मात्र कप्पावर बसते आणि पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा स्राव कमी करते. केळीला पाणी जास्त होऊ लागले की आपण पाटाचे दार लावतो, तसे.

त्यातही डायनॉर्फिन सारखे झिरपत नाही. ज्या सूक्ष्म पिशव्यांत ते साठलेले असते, त्या पिशव्या पेशींचे संदेश फार वेगाने आणि लागोपाठ सुटू लागले तरच उघडतात, म्हणजे नेमक्या झटक्याच्या वेळी. इन्सब्रुक आणि बर्लिनच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत डायनॉर्फिन तयार करणारे जनुक उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पोचवल्यावर त्यांचे झटके कित्येक महिने दबून राहिले. कप्पावर काम करणारी गोळी साऱ्या मेंदूत पसरते आणि गुंगी, उदासी, क्वचित भासही आणते, म्हणून मला जनुकाचाच मार्ग अधिक आशेचा वाटतो. पण नेहमीच्या उपचारात तो अजून आलेला नाही.

तोवर भावाची चालू औषधे एक वेळही चुकवू नका. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो का, हे मेंदूविकारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. जाताना एमआरआय आणि मोबाइलवर घेतलेले झटक्याचे चित्रण सोबत न्या, आणि भावाने पूर्वी कधी ट्रामाडॉल घेतली असेल तर तेही सांगा.